कोर्स उघडायच्या आधी दोन पानं

परवा आमच्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. निळ्या रंगावर रोबोटचं डोकं, खाली ‘नव्या युगाचा नवा अभ्यासक्रम, प्रवेश सुरू, मर्यादित जागा’. कॉलेजच्या नावापेक्षा ‘एआय’ ही दोन अक्षरं मोठी. मी बघत उभा होतो, तर शेजारच्या गावचे एक ओळखीचे गृहस्थ आले. म्हणाले, “सर, घालू का पोराला?” मी म्हटलं, शिकवणार कोण आहे तेवढं ऑफिसात विचारून या. ते खरंच गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. उत्तर मिळालं होतं, “भरती चालू आहे.”

त्या कॉलेजला नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, पटसंख्या घसरली की पोटात गोळा येणारी साधी माणसं आहेत. मला लिहायचंय ते फ्लेक्स लागण्याआधी काय होतं, खरं तर काय होत नाही, त्यावर. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मधली काही वर्षं अभ्यास मंडळांवर होतो, एलआयसीबरोबर कॉलेजंही तपासत फिरलो. (एलआयसी म्हणजे विमा नव्हे. लोकल इन्क्वायरी कमिटी. चहा-पोहे, शाल-श्रीफळ आणि शेजारच्या विभागातून दोन दिवसांसाठी आणून मांडलेले कॉम्प्युटर.) त्यामुळे जे लिहितोय त्यात माझाही हात आहे.

कागदावर आपल्याकडे चाळण्या कमी नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उघडून बघा. कलम १०७ मध्ये पाच वर्षांचा बृहत आराखडा आहे, कलम १०९ मध्ये नवीन कॉलेज, नवीन अभ्यासक्रम, नवीन विषय सुरू करायची पद्धत आहे. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिष्ठाता मंडळ आणि वर राज्य शासन. एवढ्या चाळण्यांतून पीठ बारीकच यायला हवं.

पण प्रत्येक चाळणी काय बघते? खोल्या किती, ग्रंथालयात पुस्तकं किती, ठेव भरली का, फी किती, अभ्यासक्रमाचे श्रेयांक जुळतात का, संदर्भग्रंथांची यादी नीट आहे का. बृहत आराखडासुद्धा स्थळबिंदू सांगतो, म्हणजे कुठल्या गावाला कुठलं कॉलेज द्यायचं ते. ‘हा कोर्स मुळात असावा का, आणि आपणच का तो चालवावा’ हा प्रश्न, खर्च व्हायच्या आधी आणि कुणाची अब्रू पणाला लागायच्या आधी, कुणीच विचारत नाही. प्रस्ताव मंडळापुढे येतो तेव्हा सहाही सत्रांचा अभ्यासक्रम लिहून झालेला असतो, संस्थाध्यक्षांनी पालकमंत्र्यांच्या कार्यक्रमात घोषणा करून टाकलेली असते, प्रयोगशाळेचा पत्रा चढलेला असतो. तिथे बसून ‘नको’ म्हणायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात मुलीचं शिक्षण विचारण्यासारखं. कोण विचारणार?

त्यात आपला लाडका ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. ज्यावर दोन दिवस भांडायला हवं ते बैठकीच्या शेवटी, गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागल्यावर येतं. तेही जमलं नाही तर ‘बारा-सात’ आहेच. कलम १२ (७), कुलगुरूंचा तातडीचा अधिकार. निर्णय आधी, प्राधिकरणाला माहिती नंतर. पूर, संप, पेपरफुटी यांच्यासाठी असं कलम हवंच. पण नवा कोर्स ही तातडीची गोष्ट कशी असू शकते, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता माझा किस्सा. २०१४ मध्ये यूजीसीने बी.व्होक.ची योजना आणली. कल्पना चांगली होती, आजही चांगलीच म्हणेन. पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. पोराला मधेच घर सोडून कामाला जावं लागलं तरी हातात काहीतरी कागद. ठरावीक मुदतीसाठी अनुदानही होतं. एका ग्रामीण कॉलेजने अन्नप्रक्रियेचा कोर्स मागितला आणि तदर्थ मंडळावर मी होतो. प्रस्ताव देखणा होता. मागे कंपन्यांचे सामंजस्य करार जोडलेले. चर्चा चार-पाच मिनिटं झाली असेल. एका सदस्याने ‘फूड’ शब्दाचं मराठी काय करायचं यावर जास्त वेळ घेतला. मी सही केली.

पहिली तुकडी उत्साहात आली. कराराची कंपनी ऐंशी किलोमीटरवर होती. पोरांना प्रशिक्षणाला रोज जाता येईना, तिथे राहायची सोय नव्हती, मुलींच्या घरच्यांनी तर साफ नकार दिला. शिक्षक कंत्राटी. दुसऱ्या वर्षी त्यातला बरा शिकवणारा खासगी कारखान्यात गेला, त्याच्या जागी तासिका तत्त्वावर जो आला तो वनस्पतिशास्त्राचा. पल्पर आणि ड्रायर आले, पण थ्री-फेज वीज यायला वर्ष गेलं. पुढे अनुदानाची मुदत संपली, फी वाढली, प्रवेश आटले, कोर्स बंद पडला. आता त्या ड्रायरवर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

हे सगळं मी कदाचित विसरलो असतो. पण त्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी नंतर माझ्या घरी आली. पदवीला तिला चांगले गुण होते. एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायला गेली तर खिडकीवर सांगितलं, पात्रतेच्या यादीत ‘बी.व्होक.’ नाही, समकक्षतेचं पत्र आणा. पत्र कोण देणार? विद्यापीठ म्हणे कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणे विद्यापीठाला. बी.व्होक. ही इतर पदव्यांसारखीच पदवी आहे, असं यूजीसीने स्पष्ट केलेलं होतं. पण यूजीसीचं पत्र दिल्लीहून निघून आमच्याकडच्या खिडकीपर्यंत पोचेस्तोवर प्रवेशाची तारीख टळते. तिचं वर्ष गेलं, आणि घरच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघितली नाही. ती मला काही बोलली नाही. तिला माहीतही नव्हतं की त्या ठरावाखाली माझी सही आहे.

‘ही पदवी घेतलेल्याला पुढे कुठल्या दारातून आत घेतील?’ हा एवढासा प्रश्न होता. विचारायला कसलंही पांडित्य लागत नाही. चार-पाच मिनिटांच्या त्या चर्चेत तो मी विचारला नाही.

हे फक्त आडगावात होतं असं समजू नका. दिल्ली विद्यापीठाचं उदाहरण घ्या. चार वर्षांच्या पदवीचा आराखडा डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्या अ‍ॅकॅडमिक कौन्सिलने मंजूर केला आणि जुलै २०१३ मध्ये मुलं वर्गात बसली. मधल्या काही महिन्यांत सगळ्या विषयांचे अभ्यासक्रम नव्याने लिहायचे होते. सगळ्यांना सक्तीचे ११ पायाभूत अभ्यासक्रम होते. गणित ऑनर्सच्या मुलाने आणि इतिहास ऑनर्सच्या मुलीने एकाच वर्गात तेच गणित शिकायचं. शिक्षक ओरडत होते, पण तोवर गाडी सुटली होती. जून २०१४ मध्ये दिल्लीत सरकार बदललेलं, यूजीसीने डोळे वटारले आणि विद्यापीठाने आख्खी योजना मागे घेतली. एक वर्ष शिकून झालेल्या तुकडीला परत तीन वर्षांच्या चौकटीत बसवलं. पुढे २०२२ मध्ये, नव्या शैक्षणिक धोरणाखाली, तिथे पुन्हा चार वर्षांची पदवी आली. म्हणजे कल्पना टाकाऊच होती असं म्हणता येत नाही. ती नीट पारखून, एखाद्या-दोन विषयांत चालवून बघता आली असती. देशातलं एवढं मोठं विद्यापीठ, नामवंत प्राध्यापक, तरी ‘थांबा, आधी बोलू’ म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

मग करायचं काय? मला वाटतं, दोन पानं. अभ्यासक्रम लिहायच्या आधी, जागा बघायच्या आधी, करार करायच्या आधी, ज्याला कुणाला कोर्सची कल्पना सुचली असेल त्याने दोन पानांचं टिपण द्यायचं आणि पाच-सहा जणांनी ते त्याच्यासमोर बसून वाचायचं. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. बस.

हे कसं चालतं ते मी गेल्या दिवाळीत बघितलं, अगदी योगायोगाने. माझा एक जुना विद्यार्थी, आता एका कॉलेजात सहायक प्राध्यापक, घरी फराळाला आला. पिशवीत फाइल होती. ‘कृषी-ड्रोन तंत्रज्ञान’ या नावाची आख्खी पदवी काढायची होती त्याला. डोळे चमकत होते पोराचे. घरी तेव्हा माझा भूगोल शिकवणारा मित्र बसलेला आणि शेजारचे द्राक्षबागायतदार. आम्ही काही समिती नव्हतो. पण प्रश्न सुरू झाले.

बागायतदारांनी पहिलाच विचारला, “ड्रोन उडवायला लायसन लागतं ना? ते तुमच्या पदवीत मिळणार का?” नाही. ते डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं, त्यासाठी अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास एवढं पुरतं, आणि प्रशिक्षण साधारण आठवडाभराचं. म्हणजे दहावी झालेला पोरगा आठवड्यात जे करू शकतो त्यासाठी आपण त्याची काही वर्षं घेणार, आणि शेवटी त्याला परत त्याच आठवड्याच्या प्रशिक्षणाला पाठवणार! दुसरा प्रश्न माझा होता. शेतीच्या पदव्या आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या. कृषी खात्याच्या भरतीत हा पोरगा त्यांच्या पदवीधरासमोर कुठे उभा राहणार? तिसरा प्रश्न भूगोलवाल्याचा. तो म्हणाला, उडवणं सोडा, ड्रोनने काढलेले फोटो वाचणार कोण? पिकावर कुठे ताण आहे, बांध कुठे फुटलाय, पाणी कुठे मुरतंय, हे नकाशावर आणायला माणसं मिळत नाहीत, आणि माझ्या विभागात जीआयएसची प्रयोगशाळा अर्धा दिवस रिकामी असते.

दोन तास गेले, चकल्या संपल्या. त्या पोराची पदवी आटून दोन-दोन श्रेयांकांचे दोन कौशल्य अभ्यासक्रम झाले. भूगोल आणि वनस्पतिशास्त्राच्या पोरांनी मिळून घ्यायचे, खर्च जवळपास शून्य. तो थोडा हिरमुसला, खोटं का बोलू. पण त्याने फाइल फाडली नाही, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवं लिहायला घेतलं. लवकर मिळालेल्या ‘नको’चा हा फायदा. तेव्हा कुणाचीच इज्जत जात नाही. तोच ‘नको’ विद्या परिषदेत ऐकला असता तर तो आयुष्यभर त्या सदस्यांशी बोलला नसता.

त्या दोन पानांत काय असावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. तिसऱ्या वर्षी कोण शिकवणार हे आधी लिहा. पहिल्या वर्षी कुणीही शिकवतो, विभागप्रमुख स्वतः हौसेने शिकवतात. खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या सत्रात, खास विषय आल्यावर होते. ‘तासिका तत्त्वावर नेमू’ हे उत्तर धरायचंच नाही, कारण आपल्याकडे मंजूर पदंसुद्धा वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि तासिकेवरचा माणूस तीन कॉलेजं करून चौथ्या ठिकाणी नेट-सेटचा अभ्यास करत असतो. मग पन्नास किलोमीटरच्या आत हेच कोण शिकवतंय, आणि त्यांच्या जागा भरतात का, हेही लिहा.

पदवीचं नाव काय, हाही बिनमहत्त्वाचा प्रश्न नाही. यूजीसीने २०१४ मध्ये पदव्यांची अधिकृत नावं ठरवून दिली, आपल्या मनाने नवं नाव काढता येत नाही. तरी कंसात काय घालायचं यावर सगळी कल्पकता खर्च होते. २०२४ ची गंमत आठवते ना? बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्यात त्यांच्यासाठी सीईटी आली, जागांच्या मानाने परीक्षा देणारे कमी निघाले म्हणून दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. आणि त्याच हंगामात कितीतरी कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ छापाचं काहीतरी केलं आणि सीईटीच्या बाहेर पडली. अभ्यासक्रम बदलायला आपल्याला वर्षं लागतात, पाटी मात्र एका हंगामात बदलते. दोष सगळा कॉलेजांचा नाही, तो निर्णयही घाईतच झाला होता. पण बारावीच्या पोराला काय कळणार, की ‘बीएमएस’ आणि या नव्या नावात फरक काय?

आणि एक प्रश्न जो कुणालाच आवडत नाही. कोर्स बंद कधी करायचा? किती वर्षं, किती प्रवेश आले तर थांबायचं, आणि तेव्हा मधल्या वर्षात असलेल्या मुलांचं काय, हे सुरू करतानाच लिहून ठेवा. घर बांधताना कुणी पाडायची गोष्ट करत नाही, मान्य. पण इथे घरात दुसऱ्याची मुलं राहायला येणार आहेत.

वाचणारे पाच-सहा जण कोण? ज्याचा प्रस्ताव त्याच विद्याशाखेचे सगळे नकोत. वित्त व लेखा विभागातला एक माणूस हवा, जो गोड बोलण्याला फसत नाही. ग्रंथपाल हवा. त्या भागात नोकरी देणारा एखादा, आणि तोही फक्त कारखानदार नको, सहकारी संस्थेचा किंवा शाळेचा चालेल. गेल्या पाच वर्षांत कुठल्यातरी नव्या कोर्सच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी तर हवाच हवा. खड्डे कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक असतं.

माझ्या एका मित्राचं म्हणणं, “आधीच सहा चाळण्या, त्यात तू सातवी लावतोस. काम करू द्यायचंय की नाही लोकांना?” त्याचं बरोबर आहे, जर ही सातवी चाळणीही प्रपत्र अ ते ज आणि तीन प्रतींत जोडपत्रं मागणार असेल. म्हणूनच दोन पानं म्हणतोय. आणि पुढच्या चाळण्यांमध्ये जो वेळ जातो तो बराचसा चुकीच्या प्रस्तावांवरच जातो.

दुसरी शंका मात्र गंभीर आहे आणि मला स्वतःलाही ती सतावते. अशा समितीवर शेवटी आमच्यासारखे पिकली पानं येऊन बसतात आणि प्रत्येक नव्या गोष्टीला ‘आमच्या वेळी’ म्हणत मोडता घालतात. शिवाय ‘मागणी आहे का’ एवढंच विचारत बसलो तर पाली, भाषाशास्त्र, मोडी यांचं काय होईल? पेशवे दफ्तरात मोडीतले कागद रुमालांत बांधून ढिगाने पडलेत. ते वाचणारा माणूस हवा, ही गरज कुठल्याही बाजार-सर्वेक्षणात दिसणार नाही. त्यामुळे माझं म्हणणं, मागणी नव्हे, कारण विचारा. हे विद्यापीठाने का शिकवावं, याचं एक प्रामाणिक कारण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, आज माटुंग्याला आयसीटी म्हणून उभी आहे ती संस्था. सुरुवात कशाने? वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंगने. समोर गिरण्यांची धुरांडी होती, कापड धुवायला-रंगवायला शिकलेले रसायनतज्ज्ञ हवे होते. कारण डोळ्यांना दिसत होतं. आमच्या पिढीतल्या रसायनशास्त्राच्या प्रत्येक पोराचं ते स्वप्न होतं. मोडीचं कारण वेगळं असेल, पण तेही असंच समोर ठेवता येतं. रोबोटच्या डोक्याच्या फ्लेक्सला ते ठेवता येतं का, एवढंच बघायचं.

आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही बंधन हवं. नकार लेखी, कारणासह, आणि सहा महिन्यांनी तोच प्रस्ताव दुरुस्त करून परत आणायची मुभा. टिपण आणि उत्तर दोन्ही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. आज बैठकीचं इतिवृत्त शोधायला गेलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागतो, तिथे हे जड जाईल, ठाऊक आहे. पण म्हातारे सदस्य उगाच मोडता घालतात की तरुण प्रस्तावक उगाच उड्या मारतात, हे त्याशिवाय कळायचं कसं?

नवं धोरण आल्यापासून ही निकड वाढली आहे. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली असे इतके कप्पे झालेत की दर सत्राला काहीतरी नवं भरावंच लागतं. रिकामा कप्पा दिसला की हाताला लागेल तो विषय त्यात जातो. पूर्वी दहा वर्षांत जितके नवे विषय आमच्या मंडळापुढे यायचे, तितके आता एका उन्हाळ्यात येतात.

आमच्या भागातल्या दोन अधिसभा सदस्यांना मी हे सगळं लिहून दिलं आहे. एकांचं उत्तर नाही. दुसऱ्यांनी फोन केला, म्हणाले, “सर, हे कुठल्या कलमात बसवायचं?” मी म्हटलं, कलम नको, एक परिपत्रक पुरेल. एका वर्षापुरतं, एका विद्याशाखेपुरतं करून बघा. अधिसभेच्या पुढच्या बैठकीसाठी प्रस्ताव द्यायची मुदत दोन आठवड्यांवर आली आहे. मसुदा त्यांनी मागवलाय, मी आज रात्री पाठवतोय. तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या पहिल्या तुकडीत शिकला असाल, किंवा तुमचं पोर शिकलं असेल, तर काय झालं ते मला लिहा. नाव गाळून मसुद्याला जोडतो.